नाटक मुख्य विषय म्हणून घेऊ का?

ताई, मी १९ वर्षांची आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात अर्थशास्त्र शिकते आणि दीड वर्ष कॉलेजच्या नाटकाच्या गटात प्रॉम्प्टिंग करते, म्हणजे कुणी संवाद विसरलं की विंगेतून हळूच शब्द देते. स्टेजवर जायची मला इच्छा नाही. मला विंगेत बसून सगळं कसं जुळून येतं ते बघायला आवडतं. आता मुख्य विषय ठरवायचा आहे. आमच्याकडे नाट्य हा आंतरविद्याशाखीय मुख्य विषय म्हणून घेता येतो. काही पेपर नाटकाचे, बाकीचे साहित्य, इतिहास, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, वास्तुकला अशा विभागांतले. बाबा म्हणतात, नाटक छंद म्हणून कर, त्यात शिकायचं काय? मैत्रीण म्हणते, पाच विषय थोडे थोडे शिकशील आणि धड इकडची राहणार नाहीस, धड तिकडची. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं, म्हणून काहीच ठरत नाही. नाटकात काम करायचं नसेल तर नाटक शिकण्यात अर्थ आहे का?
– विंगेतली

प्रिय विंगेतली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते तू सोबत जोडलेल्या प्रॉम्प्टिंगच्या वहीच्या पानामुळे. त्या पानाबद्दल शेवटी बोलते.

आधी मैत्रिणीचा मुद्दा घेऊ, कारण तो बाबांच्या मुद्द्यापेक्षा अवघड आहे. पाच विभागांतले पहिल्या पायरीचे पेपर गोळा करून पदवी घेतली, तर ती म्हणते तसंच होतं. अशी मुलं मी पाहिली आहेत. मानसशास्त्रातले चार शब्द येतात, इतिहासातल्या काही तारखा पाठ असतात, आणि एखादं काम हातात दिलं की सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. त्यांनी विषय फार घेतले म्हणून असं झालं, असं मला वाटत नाही. तीन वर्षांत त्या विषयांची एकमेकांशी एकदाही गाठ पडली नाही, म्हणून झालं. नाटकाच्या अभ्यासात ही गाठ कुठे पडते ते सांगायचं, तर एका तालमीची गोष्ट सांगावी लागेल. जरा लांबेल, पण वाच.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या एका गटाला मी मदत करत होते. नाटक त्यांनीच लिहिलेलं, काळ १८३०च्या आसपासचा. दुसऱ्या अंकात एका ओळीची रंगसूचना, म्हणजे पात्राने काय करायचं ते सांगणारी कंसातली ओळ, होती: ‘ती दिवा घेऊन येते, दार ढकलते, पत्र टेबलावर ठेवते.’ वाचनाच्या वेळी या ओळीवर कुणी थांबलंसुद्धा नाही. प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, सांभाळणाऱ्या मुलाने काचेचा कंदील आणला, आत बॅटरीवरचा छोटा बल्ब बसवला. तालमीत ती मुलगी कंदील घेऊन झपझप चालत आली, खांद्याने दार ढकललं, पत्र ठेवलं, झालं. मी शेवटच्या रांगेत बसले होते. मला तिचा चेहराच दिसेना. बल्ब थेट डोळ्यांत येत होता आणि त्यामागचं सगळं काळं पडत होतं. लाईट्सवाल्याने बल्ब मंद केला, तर दिवा विझल्यासारखा वाटायला लागला. वरून स्पॉट टाकला, तर चेहरा दिसला पण हातातल्या दिव्याला काही अर्थच उरला नाही. अर्धा तास असाच गेला.

त्या गटात इतिहास शिकणारी एक मुलगी होती. वेशभूषेला हात लावायला म्हणून आलेली, फारसं न बोलणारी. ती हळूच म्हणाली, “हा कंदील या घरात असूच शकत नाही. रॉकेलचा दिवा १८५३ सालचा. हे घर त्याच्या वीसेक वर्षं आधीचं आहे. इथे तेलाचा, उघड्या वातीचा दिवा पाहिजे.” सगळे वैतागले. प्रेक्षकांत कोण असलं मोजायला बसलंय, असं एकजण म्हणालाही. पण दिग्दर्शक मुलगा समजूतदार होता. म्हणाला, करून तर बघू.

कंदिलाची काच गेली, बल्ब वातीच्या जागी आला. आणि त्या मुलीला झपझप चालताच येईना! उघडी ज्योत वाऱ्याने विझेल, म्हणून ती हळू चालायला लागली आणि दुसऱ्या हाताचा आडोसा तिने ज्योतीपुढे धरला. आता दोन्ही हात गुंतले. दार कसं ढकलायचं? पत्र धरायचं कुठे? ती दाराशी येऊन थांबली. आम्ही कुणी काही सुचवायच्या आत तिने पत्र कमरेला खोचलं, पाठ फिरवली आणि पाठीने दार लोटत उलटी आत आली. म्हणजे आम्हाला आधी दिसली तिची पाठ, अंधारात. मग ती वळली. आडोशाला धरलेला तळहात नेमका प्रेक्षकांच्या बाजूला आला होता. बल्ब त्या तळहाताआड गेला, आणि सगळा उजेड पडला तिच्या चेहऱ्यावर. शेवटच्या रांगेतून मला तिने मान खाली घातलेली दिसली. वरच्या स्पॉटची गरजच राहिली नाही.

पुस्तकातली एक तारीख त्या मुलीच्या चालण्यात उतरली, चालण्यातून दारात, आणि दारातून उजेडात. इतिहासवालीला उजेडाचं काही माहीत नव्हतं, लाईट्सवाल्याला रॉकेलचं काही माहीत नव्हतं. त्या दिव्यापाशी दोघांची गाठ पडली. मी आंतरविद्याशाखीय म्हणते ते याला.

त्याच तालमीत एकाने विचारलं, खरी ज्योतच का नको? तेव्हा मी त्यांना शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरबद्दल सांगितलं. ३० डिसेंबर १९०३. दुपारचा खेळ, प्रेक्षकांत बायका आणि मुलं जास्त. प्रकाशाच्या आर्क दिव्याची ठिणगी पडद्याच्या कापडाला लागली. आग अडवणारा पडदा खाली येता येता मध्येच अडकला. बाहेर पडायची काही दारं कुलूपबंद होती, काही उघडता येईनात. सहाशेच्या वर माणसं गेली. सार्वजनिक इमारतीचं दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे आणि आडव्या दांड्यावर नुसता भार पडला तरी उघडलं पाहिजे, हा आग्रह त्या दुर्घटनेनंतर जोरात वाढला. दुसऱ्या दिवशी तो प्रश्न विचारणारा मुलगा आमच्या सभागृहाचं एकेक दार स्वतः ढकलून बघत होता. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

आता बाबा विचारतात, नाटकात शिकायचं काय. त्यांच्यावर रागावू नकोस. विद्यापीठांनाही हा प्रश्न बराच काळ पडलेला होता. नाटक म्हणजे साहित्य, ते वाचायचं आणि त्यावर उत्तर लिहायचं, अशीच पद्धत होती. मी स्वतः तशीच शिकले. आमच्या वर्गात नाटक शिकवताना “कंसातलं सोडा, संवाद बघा” असं सांगितलं जायचं. दिव्याची ती ओळ मी आयुष्यात किती नाटकांतून सोडून दिली असेल, याची आजही हळहळ वाटते. बर्लिनमध्ये माक्स हेरमान नावाचे प्राध्यापक होते, मूळचे साहित्याचेच. त्यांनी ठामपणे मांडलं की रंगभूमीचा अभ्यास म्हणजे संहितेचा नव्हे, प्रयोगाचा अभ्यास. १९२३ मध्ये तिथल्या विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. अमेरिकेत नाटकाची पहिली पदवी पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेत १९१४ साली सुरू झाली, ब्रिटनमध्ये विद्यापीठातला पहिला नाट्यविभाग ब्रिस्टलला १९४७ मध्ये. अभ्यासाचा विषय म्हणून तुझा विषय तसा तरुण आहे.

पण त्यामागचा विचार तरुण नाही. असं ज्ञान नाही, असं शिल्प नाही, अशी विद्या नाही आणि अशी कला नाही जी नाट्यात दिसत नाही, असं भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथात पहिल्याच अध्यायात म्हटलं आहे. हे वाक्य भाषणांतून इतकं ऐकू येतं की त्याचं वजन जाणवेनासं झालंय. मला त्याच्या पुढचा, दुसरा अध्याय जास्त आवडतो. तिथे नाट्यगृहाची मापं दिली आहेत. माणसांसाठी मधल्या आकाराचं घर चांगलं, ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. का? तर याहून मोठं केलं की शब्द नीट ऐकू येत नाहीत आणि नटाच्या चेहऱ्यावरचे भाव शेवटपर्यंत पोचत नाहीत. इमारत किती मोठी हे नटाच्या भुवईवरून ठरवलं आहे, बघ. वास्तुकलेचा पेपर तुझ्या यादीत कशाला, असं तुला वाटत असेल तर त्याचं उत्तर मला इथे दिसतं.

अर्थशास्त्र सोडून द्यायचं का, हे तू सरळ विचारलेलं नाहीस, पण पत्राच्या तळाशी तोच प्रश्न आहे असं मला वाटतं. सोडू नकोस. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये नाटक, संगीत, नृत्य यांच्या जमाखर्चाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं समजायला सोपं आहे. चार पात्रांच्या नाटकाला शंभर वर्षांपूर्वी चार नट लागायचे, आजही चारच लागतात. दोन तासांचा प्रयोग दोन तासांतच होतो, घाई करता येत नाही. इकडे कारखान्यात नवी यंत्रं येतात, माणशी उत्पादन वाढतं, त्याबरोबर पगार वाढतात. नटाचं पोट त्याच बाजारात भरायचं, म्हणून त्यालाही जास्त द्यावे लागतात, पण त्याचं ‘उत्पादन’ तेवढंच राहतं. म्हणून प्रयोगाचा खर्च बाकीच्या वस्तूंच्या मानाने चढतच जातो, कुणी उधळपट्टी केली नाही तरीही. रुग्णालयं आणि शाळा महाग का होत जातात हे सांगायला पुढे हाच विचार वापरला गेला. मुळात तो नाटका-संगीताच्या हिशेबातून आला आहे. दीड वर्ष विंगेत बसून नाटकाला खरोखर किती माणसं आणि किती तास लागतात हे पाहिलेली मुलगी अर्थशास्त्राच्या वर्गात वेगळ्याच जागेवरून प्रश्न विचारेल.

आणखी एक उदाहरण देते, मग पुढे जाऊ. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या १८७९ सालच्या ‘अ डॉल्स हाउस’ मध्ये नोरा शेवटी नवरा आणि मुलं सोडून घराबाहेर पडते. जर्मनीतल्या प्रयोगासाठी तिथल्या मुख्य अभिनेत्रीने हा शेवट करायला नकार दिला. मी माझी मुलं अशी सोडून गेले नसते, असं तिचं म्हणणं. आणि नोरा घरातच राहते असा दुसरा शेवट लिहिला गेला. लिहिला कुणी? खुद्द इब्सेनने. त्या काळी त्याच्या नाटकांना जर्मनीत स्वामित्वहक्काचं संरक्षण नव्हतं. त्याने लिहिला नसता तर दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता, मग निदान आपल्या हाताने झालेला बरा, असा विचार त्याने केला. त्याला तो शेवट मुळीच आवडत नव्हता. आता नुसतं साहित्य शिकणारा म्हणेल, लेखकाचं मन बदललं. कायद्याची बाजू माहीत असलेली विद्यार्थिनी त्याच पानावर वेगळं काही वाचेल.

मग काय कर, ते सांगते. विषय घे, पण एक धागा खोलवर ने. बाकीचे चार रुंदीला असू देत, एक मात्र शेवटच्या पायरीपर्यंत शीक. तुझ्या बाबतीत तो अर्थशास्त्र असावा असं मला वाटतं, कारण त्यात तुझी दीड वर्षं आधीच गेली आहेत आणि पत्रात कुठेही तू त्याला कंटाळलेली दिसत नाहीस. पण प्रकाशयोजना शिकताना जीव अडकला, तर धागा बदलायला घाबरू नकोस. फक्त पाचही धागे वीतभर ठेवू नकोस.

आणि फॉर्म भरण्याआधी विभागात जाऊन भेट. माहितीपत्रकावर जाऊ नकोस, ती सगळीकडे सुंदरच असतात. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठ आणि विचार की तुमच्या विषयांची गाठ कधी पडली? त्यांनी एखाद्या प्रयोगाचं किंवा प्रबंधाचं नाव सांगितलं, आणि सांगताना हात हलायला लागले, तर चांगली खूण आहे. सगळे पेपर वेगवेगळे झाले, असं उत्तर आलं तर तुझ्या मैत्रिणीचं बरोबर आहे असं समज. मग विचार की माझा मार्गदर्शक कोण? एकच माणूस जबाबदार असला पाहिजे. तीन विभागांची पोरगी कुणाचीच नसते, आणि वेळापत्रकात पेपर एकमेकांवर आदळले की हे फार लवकर कळतं. तालमीच्या कामाला गुण आहेत का, की ते हौसेखाती जातं, हेही बघ. रात्र रात्र जागून उभं केलेलं काम कुठेच मोजलं जात नसेल, तर तिसऱ्या सत्रापर्यंत तू दमून जाशील.

तुझा शेवटचा प्रश्न: काम करायचं नसेल तर अर्थ आहे का? मला वाटतं, ज्यांना फक्त अभिनयच करायचा आहे त्यांना हा अभ्यासक्रम तितकासा सोयीचा नाही. त्यांना रोज शरीर आणि आवाज घासून घेणारं प्रशिक्षण हवं, आणि भूमिकेसाठी निवड करताना पदवी कुणी विचारत नाही. हा अभ्यास तुझ्यासारख्यांचा आहे, ज्यांना सगळं कसं जुळतं ते बघायचं असतं.

पोटापाण्याचं खरं सांगायचं तर या पदवीच्या मागे नोकरी बांधलेली येत नाही. निर्मितीची व्यवस्था, स्टेज मॅनेजमेंट, शिक्षण, संग्रहालयं, लेखन अशी बरीच दारं आहेत, पण प्रत्येक स्वतः ढकलावं लागतं. काही दारं अनपेक्षित ठिकाणी आहेत. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञाने एका धडधाकट व्यक्तीला रुग्ण म्हणून वावरायला शिकवलं, तीच लक्षणं, तीच चाल, तीच उत्तरं, आणि तिच्यावर वैद्यकीय विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. आज जगभर डॉक्टरांच्या शिक्षणात ही पद्धत आहे. रुग्णाची भूमिका लिहिणारी, बसवणारी माणसं त्यात लागतात. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक आगुस्तो बोआल तर १९९३ ते १९९६ या काळात रिओ दि जानेरोचे नगरसेवक होते. लोकांकडून त्यांच्याच अडचणींचे प्रवेश करवून घ्यायचे आणि त्यातून कायद्याचे मसुदे काढायचे, असं काम त्यांनी केलं. काही कायदे मंजूरही झाले.

बाबांशी वाद घालू नकोस. त्यांना तुझ्या पैशांची काळजी आहे आणि ती खरी आहे. अर्थशास्त्राचा धागा तू शेवटपर्यंत नेणार आहेस, हे त्यांना कागदावर, पेपरांच्या नावांसकट दाखव. आणि त्यांना एकदा बोलाव, पण प्रयोगाला नको, तालमीला. प्रयोगात त्यांना फक्त स्टेजवरची मुलं दिसतील. तुझं काम दिसतच नाही, ते चांगलं झालं की दिसू नये असंच असतं. तालमीत त्यांना दिसेल की एकजण अडखळला की सगळे तुझ्याकडे बघतात, आणि वही तुझ्या मांडीवर असते.

आता त्या पानाबद्दल. संवादाच्या समासात तू पेन्सिलीने लिहिलं आहेस: ‘इथे विसरलेली नाही. थांबते. शब्द देऊ नये.’ आणि खाली, वेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं: ‘आज जास्त थांबली, पुढच्या रांगेतलं खोकणं बंद झालं.’

ही नोंद दिग्दर्शकाने सांगून करवली, की तुझी तू केलीस? तुझी असेल तर तिच्यापुढे तारीख घाल, आणि त्याच जागी ती नटी दर प्रयोगाला किती सेकंद थांबते ते मोजायला लाग. वही पावसापाण्यापासून जप, पानांचे फोटो काढून ठेव. विभागात भेटायला जाशील तेव्हा गुणपत्रिकेच्या आधी हे पान दाखव. आणि त्यांनी काय विचारलं ते मला कळव.

तुझी,
ताई